बोलवत नाही

त्या बाई मला माझं नाव विचारत होत्या. नाव मला ठाऊक होतं. पण मी सांगितलं नाही, कारण माझी आंघोळ झाली नव्हती.

त्यांनी पुन्हा विचारलं. केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात डॉक्टरांची नळी, आवाज मात्र शाळेतल्या बाईंसारखा मऊ. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडायला गेले, तर हात उचलेचना. मनगटं मऊ फडक्यानं पलंगाच्या दांडीला बांधलेली होती. का बांधली होती ते मला कळेना. बहुतेक मी काहीतरी सांडलं असणार, असं मला वाटलं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी ते दिवस मी नीट ओळीनं सांगू शकत नाही. काही मला आठवतं, काही आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं, आणि काही मी आणि सासूबाई अजूनही वेगवेगळं सांगतो. एक मात्र पक्कं आठवतं. माझ्या लेखी तिथं एकच सकाळ चालू होती. खिडकीत ऊन यायचं, जायचं, दिवे लागायचे, कुणी नाकातल्या नळीतून दूध सोडायचं. पण सकाळ काही पुढं सरकत नव्हती, कारण आंघोळ होत नव्हती. वॉर्डातल्या मावश्या यायच्या, ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या आणि झालं म्हणायच्या. फडक्यानं पुसणं म्हणजे काही आंघोळ नव्हे. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, आणि पूजा नाही तोवर तोंड उघडायचं नाही.

तो माझा नेम होता. चातुर्मासात बायका काय काय धरतात. कुणी एकवेळ जेवतात, कुणी वांगं सोडतात, कुणी पानावर जेवतात. मी हे सगळं करून पाहिलं होतं. मग एके वर्षी उठल्यापासून पूजा होईपर्यंतचं मौन धरलं, आणि ते मला इतकं मानवलं की कार्तिकात सोडायचं जिवावर आलं. ते मी बाराही महिने चालू ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, नेम सांगायचे नसतात. आणि खरं सांगायचं तर, आमच्या घरात मला मिळालेली ती एकच शांत जागा होती.

कारण आमच्या सासूबाई. त्या कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र आणि तोंडानं बोलणं, अशी नोकरी करून निवृत्त झाल्या. यंत्र तिथं ठेवून आल्या, बोलणं घरी घेऊन आल्या. देवधर्माचं त्यांना वावडं. मी देवघरात बसले की दारात उभ्या राहून त्या मला विचारायच्या की तुझ्या देवाकडून आज काही निरोप आला का, की लाइन एंगेजच आहे. मी हसून घंटा वाजवायची.

त्या आषाढात मी जेवेनाशी झाले. घरात सगळ्यांना वाटलं उपास असेल. मग झोपेनाशी झाले. यांना वाटलं, काही जागर धरला असेल. मग दिवसाही बोलेनाशी झाले. तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या की वैजयंताताईंनी यंदा कडक मौन धरलंय, चेहऱ्यावर तेज आलंय बघा. हे तेज म्हणजे ताप होता. एक जण तर आपल्या सुनेला घेऊन माझ्या पाया पडायला आली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. हे सगळं यांनी मला मागाहून सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. एखादी चारचौघींसारखी, भांडकुदळ बाई अशी गप्प झाली असती तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली असती. माझा आजार माझ्याच नेमांच्या पदराखाली लपून बसला.

शेवटी तुळशीपाशी मला झटका आला. दातखीळ बसली, हातपाय वेडेवाकडे झाले. कराडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं.

त्या कापलेल्या केसांच्या बाई म्हणजे डॉक्टर कुडाळकर. याच जातीच्या आजारांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. शरीरात जंतूंशी लढायला जे सैन्य असतं तेच चुकून आपल्या मेंदूवर उलटतं. माणूस भ्रमल्यासारखं वागतं, बोलायचं थांबतं, आणि घरचे कुणी त्याला मांत्रिकाकडे नेतात तर कुणी वेड्यांच्या डॉक्टरकडे. त्या काळी याची तपासणी सगळीकडे होत नव्हती. माझ्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासलं, आणि त्यात ते उलटलेलं सैन्य सापडलं. यांना समजावून सांगितलं, यांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन कॅन्टीनमध्ये नुसते बसून राहिले. मग स्टिरॉइड झाली, महागड्या सलाइनच्या बाटल्या झाल्या. झटके थांबले. ताप गेला. मी डोळ्यांनी माणसं ओळखू लागले, सांगितलं तर मूठ मिटू लागले. फक्त बोलत नव्हते.

पुढचं औषध मोठं होतं. ते त्या सैन्यालाच निजवणारं होतं, आणि सैन्य निजलं की साधा खोकलासुद्धा जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी यांना सांगितलं की अजून बोलत नाहीत त्या अर्थी मेंदूवरचा हल्ला चालूच आहे असं मी धरते. उद्यापर्यंत विचार करून सांगा. हे सगळं माझ्या पलंगाशेजारी उभं राहून बोलणं चाललं होतं. मला त्यातलं बरंच समजत होतं. मला त्यांना सांगायचं होतं की थांबा, माझी पूजा होऊ दे, मग मी बोलते. पण पूजा झाल्याशिवाय ते सांगायचं कसं, या कोड्यात मी अडकले होते.

त्याच दिवशी सासूबाई कराडहून आल्या. हातात पिशवी, एसटीच्या धुळीनं माखलेल्या. पलंगाजवळ येऊन त्यांनी माझ्या बांधलेल्या हातांकडे बघितलं, फडकी सोडून टाकली, आणि नर्स काही बोलायच्या आत तिला गप्प केलं. मग यांना विचारलं की काय म्हणतात डॉक्टर. यांनी सगळं सांगितलं. मोठं औषध, धोका, आणि कारण एवढंच की ही अजून बोलत नाही.

“बोलत नाही?” सासूबाई म्हणाल्या. “सदा, हिला आंघोळ घातली का कुणी?”

यांना काही समजेना. सासूबाई म्हणाल्या, आंघोळ-पूजा झाल्याशिवाय ही बया तोंड उघडत नाही. मी चहा विचारते, ही मान हलवते. मी म्हणते गॅस संपलाय, ही मान हलवते. तीन वर्षं मी भिंतीशी बोलतेय. यांनी विचारलं, तीन वर्षं? मला कसं कळलं नाही?

“तू सकाळी पेपरशी बोलतोस,” सासूबाई म्हणाल्या.

मला रडू आलं. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं मी. आणि ओळखलं कुणी, तर ज्यांना माझा नेम रोज सकाळी टोचायचा त्यांनी. नवऱ्याला तो दिसला नाही, कारण तो त्याच्या कुठं आड येत नव्हता.

डॉक्टर कुडाळकरांना बोलावणं गेलं. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, नेहमीप्रमाणे दुप्पट करून. मला वाटलं, डॉक्टर हसतील. त्या हसल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी विचारलं की हे असं आहे का. मी मान हलवली. डॉक्टरांनी माझे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या की माणूस मुद्दाम बोलत नसेल तर मला हे औषध द्यायचं नाही. आणि मुद्दाम नसेल, तर मला एक दिवसही घालवायचा नाही. आपण बघू या.

मला चाकांच्या खुर्चीवरून न्हाणीघरात नेलं. सासूबाईंनी पदर खोचला, बादलीत हात घालून पाणी पाहिलं आणि प्लास्टिकच्या मगानं माझ्या डोक्यावरून ओतायला लागल्या. ओततानाही तोंड चालूच. केस किती गुंतलेत, पाठीची हाडं मोजून घ्यावीत अशी झालीस, तुझ्या त्या देवाला म्हणावं एवढी भक्ती करून हे काय दिलंस. मी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांनी ती सकाळ हलली, असं मला वाटलं.

पलंगावर परत आले तर सासूबाईंनी पिशवीतून एक रुमाल काढला. त्यात माझा बाळकृष्ण होता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या म्हणाल्या की बघू नकोस अशी. घरात तो एकटाच होता, त्याला तसा टाकून यायला मन होईना.

नर्सनं स्टीलचा ट्रे दिला. मी त्यात बाळकृष्ण ठेवला, पाणी घातलं, पुसला. गंध नव्हतं, फूल नव्हतं. चहाबरोबर मिळणाऱ्या साखरेची पुडी सासूबाईंनी फोडून दिली, तिचा नैवेद्य दाखवला. मनातल्या मनात रोजचं स्तोत्र म्हटलं, दोनदा मधेच चुकले आणि पहिल्यापासून धरलं. मग नमस्कार केला.

हे उभे होते, सासूबाई उभ्या होत्या, डॉक्टर आणि त्यांच्याबरोबरची दोन तरुण मुलं उभी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणायचं ठरवलं होतं, “आई”. सोपा शब्द. तो तयार होता. मी तोंड उघडलं.

काही आलं नाही.

मी पुन्हा प्रयत्न केला. शब्द आत होता, मला दिसत होता म्हटलं तरी चालेल, पण त्याच्यापासून जिभेपर्यंत जायला वाटच नव्हती. जीभ तोंडात कुणी दुसऱ्याची ठेवल्यासारखी पडली होती. ओठ हलले असतील. श्वास निघाला. एवढंच.

मी तेव्हा जितकी गोंधळले तितकी आयुष्यात कधी नाही. मी तर बोलणार होते. मी इतके दिवस फक्त थांबले होते. की थांबले नव्हतेच? आधी वाचा गेली, आणि माझ्या मनानं त्या गेलेल्या वाचेवर माझाच जुना नेम पांघरला, असं झालं होतं का? मग मी जे पाळत होते ते काय होतं? मी बाळकृष्णाकडे पाहिलं. तो साखरेपुढं रांगत होता.

सगळ्यात आधी सासूबाई बोलल्या. म्हणाल्या, अजून काही राहिलं असेल. हिचं काय एक असतं? जप असेल, प्रदक्षिणा असतील. संध्याकाळपर्यंत बघू, उद्या बघू. यांनी तो धागा लगेच उचलला. मग औषधाची घाई नको, असं ते डॉक्टरांना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुटल्यासारखं दिसत होतं की मला त्यांची कीव आली. ते म्हणाले, हिला घरी नेतो, तिथं तुळस आहे, सगळं आहे, तिथं बोलेल.

घरी. मी नुसती मान हलवायची होती. हो, जप राहिलाय. कुणी मला खोटं पाडलं नसतं. माझ्या नेमांचा हिशेब माझ्याखेरीज कुणाला ठाऊक होता? पाठीत सुई नाही, मोठं औषध नाही, चार तासांत कराड. आणि मुख्य म्हणजे, मी नेम पाळणारी बाई राहिले असते. आजारी नाही.

डॉक्टरांनाही काय समजावं ते समजत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी खिशातून एक कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: “नेम आहे म्हणून बोलत नाही.” कागद माझ्या मांडीवर ठेवला, पेन बोटांत दिलं. म्हणाल्या, बरोबर असेल तर खूण करा. खोटं असेल तर खोडून टाका. आणि मग बाकीच्यांना म्हणाल्या की त्यांना कुणी काही सांगायचं नाही.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षरं सरकत होती. खूण करायला पेन टेकवलं आणि तिथंच थांबले. देवासमोर बसले होते मी. ओल्या केसांनी.

मग मी “नेम आहे म्हणून” यावर रेघ मारली. ती वाकडी गेली, पण गेली. आता सगळंच खोडणार असं त्यांना वाटलं असेल. पण उरलं होतं ते खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. मी ‘बोलत’मधल्या ल आणि त यांच्यामध्ये खालून एक टोक काढलं, आणि वर लिहिलं, व. पाटीवर पहिल्यांदा गिरवणाऱ्या पोरीसारखं मोठं, वेडं अक्षर.

कागद सासूबाईंनी उचलला. चष्मा पिशवीत होता, म्हणून लांब धरून वाचला.

“बोलवत नाही,” त्या म्हणाल्या.

आणि खाली स्टुलावर बसल्या. पुढं काहीच बोलल्या नाहीत. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, सासूबाईंना गप्प झालेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मुलांकडे वळून हळू आवाजात त्या म्हणाल्या की समज पूर्ण जागी आहे, वाचेची वाट अजून बंद आहे, उद्या सकाळी सुरू करू. यांनी सही केली. माझ्या मणक्यातल्या पाण्याचा थोडा भाग त्यांच्या संशोधनासाठी ठेवायची परवानगीही डॉक्टरांनी मागितली, आणि ती यांच्याकडे नाही, माझ्याकडे मागितली. मी मान हलवली.

औषधानं पुढं काय काय केलं ते सांगत बसत नाही. एकदा छातीत कफ भरला आणि सगळे घाबरले, एवढं खरं. वाचा आली ती हळूहळू आली, आधी नुसता आवाज, मग अर्धे शब्द, मग चुकीचे शब्द. पाण्याला मी बरेच दिवस दिवा म्हणत होते. मग एक दिवस पाण्याला पाणी म्हटलं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर कुडाळकर खुर्ची ओढून बसल्या. या आजारातून परत आलेल्या प्रत्येकाला त्या विचारत, तसं त्यांनी मलाही विचारलं, की आत असताना कसं वाटत होतं. इतर रुग्ण सांगायचे की भीती वाटायची, कुणी मारायला येतंय असं वाटायचं. मी पुष्कळ विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं.

“शांत होतं,” मी म्हटलं. “इतकी वर्षं मौन धरून जे मिळालं नाही, ते तिथं होतं. मला अजून कळत नाही, तो आजार होता की…”

पुढचं मी बोलले नाही. तेवढं मात्र मुद्दाम.

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांनी सांगितलं की हा आजार काही जणांत पुन्हा उलटतो. तुमच्यात उलटला तर बहुधा असाच सुरू होईल, गप्प होण्यानं. लवकर कळलं तर बरं. मग विचारलं, तुम्हाला कळेल ना?

मी म्हटलं, सांगता येत नाही. मला तिथं वाईट वाटत नव्हतं.

“म्हणूनच हिच्यावर सोपवता येत नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ पिशवी भरत होत्या. “डॉक्टरीणबाई, उद्यापासून ही उठली की आधी माझ्याशी बोलेल. पारोशी. आंघोळ, देव, काय ते मागाहून.”

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, आणि त्यांचं मौन?

“ते मी धरते,” सासूबाई म्हणाल्या. “ही बोलेपर्यंत माझं तोंड बंद.”

आम्ही सगळे हसलो. हे तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई आणि मौन. एका तासाची पैज लावायला कुणी तयार झालं नसतं.

दुसऱ्या सकाळी मी कराडला, माझ्या घरात, माझ्या अंथरुणात उठले. घर इतकं शांत होतं की क्षणभर मला कळेना मी कुठं आहे. हे पेपर मांडीवर तसाच ठेवून इकडं तिकडं बघत होते, काय चुकतंय ते त्यांना सापडत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. सासूबाई ओट्यापाशी पाटावर बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून, माझ्याकडे बघत.

आणि मला ते आवडलं. ती शांतता सगळीकडून आली, अंगावर शाल घालावी तशी, आणि मला ओळखीची वाटली. बोललंच पाहिजे का? थोडं थांबलं तर काय होतं? देवघराचं दार उघडं होतं, आत अजून अंधार होता. मी उभी राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. ही मीच उभी आहे, की ते पुन्हा आलंय, हेही मला खात्रीनं सांगता आलं नसतं. सासूबाईंचे डोळे मोठे होत गेले. त्यांची हनुवटी हलायला लागली, पण तोंड उघडलं नाही. त्यांच्या मागं गॅसवर पातेलं होतं, आणि त्यातली साय कडेकडेनं वर चढत होती. त्यांनी तिकडं मान वळवली नाही.

“आई,” मी म्हटलं, “दूध उतू चाललंय.”

सासूबाई उठल्या नाहीत. दूध पातेल्यावरून ओघळलं, गॅस चरचरला, करपल्याचा वास सुटला.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या.